गल्लीच्या वर्गणीतून उतरलेला डेटाबेस

द्वारका, नाशिक
गुरुवार, दुपारची भांडी झाल्यावर

ती. पल्लवीताईंना उज्वलाचा वाकून नमस्कार. (लॅपटॉप मांडीवर आहे, त्यामुळे निम्मीच वाकले आहे. उरलेला नमस्कार तुम्ही दिवाळीला आलात की पुरा करते.)

तिकडे नागपुरात सगळे बरे ना? महेशभावोजींची पाठ आता कशी आहे? बँकेत तुम्हाला बसून बसून त्रास होतो आणि पाठ मात्र त्यांची दुखते, हे मला अजून नीट कळलेलं नाही, पण काळजी घ्यायला सांगा. ओवीला खूप खूप पापे. आम्ही इकडे मजेत आहोत. गल्लीत खोदकाम चालू आहे, त्यामुळे मजेत असण्यासाठी घराबाहेर जाता येत नाही एवढंच. कुंभमेळ्याच्या आधी सगळं नाशिक एकदा उलटून बघायचं ठरलेलं दिसतं. आपल्या दारासमोर फळी टाकली आहे, तिच्यावरून जाताना तुमचे बंधू रविराज दोन्ही हात पसरतात आणि मागून आई ओरडतात की नीट जा, लग्न झालेला माणूस आहेस.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे फोनवर मला हे सांगता येत नाही. सांगायला घेतलं की मध्येच मला रडायला येतं नाहीतर कुकरची शिट्टी होते. आणि तुम्ही दिलेल्या लॅपटॉपवर तुम्हालाच पत्र लिहावं हे बरंही दिसतं. निकाल मी शेवटी सांगणार आहे, तेव्हा मधलं गाळून खाली उतरू नका. तुमची सवय मला माहीत आहे.

तर आधी परीक्षा काय होती ते. सातपूरच्या एका छोट्या कंपनीत माझी मुलाखत झाली हे तुम्हाला माहीत आहे. द्राक्षांची शीतगृहं असतात ना, त्यात कोणाच्या किती पेट्या ठेवल्या, कधी बाहेर काढल्या, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर ते लोक करतात. मुलाखत घेणाऱ्या आफिया मॅडम वयाने माझ्याहून चांगल्याच लहान, मूळच्या मालेगावच्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांनी माझा कागद बघितला. लग्नाआधीची नोकरी, आणि त्यानंतर नुसता कोरा भाग. मला वाटलं आता चहा देऊन वाटेला लावतील. पण त्या म्हणाल्या की कोऱ्या भागाचं मला काही नाही, तुम्ही आज काय करू शकता ते दाखवा. त्यांनी एक जावामधला प्रकल्प दिला. (जावा म्हणजे ज्या भाषेत हे प्रोग्रॅम लिहितात ती. यावरून दोन जावा एका घरात कशा नांदतील हा विनोद तुमच्या भावाने आठवडाभर केलेला आहे. मी तो इथे करत नाही. तुम्हाला दिवाळीत प्रत्यक्ष ऐकावाच लागेल.) लॅपटॉप आपला, त्यावर सगळी मांडणी आपण करायची, एक टेस्ट (म्हणजे आपला प्रोग्रॅम नीट चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम) लिहायची आणि सोमवारी ऑफिसात येऊन त्यांच्यासमोर चालवून दाखवायची. चालली तर नोकरी, नाही चालली तर राम राम.

अट एकच. टेस्ट खोट्या डेटाबेसवर करायची नाही, खऱ्यावर करायची. मागच्या हंगामात यांनी लटक्या डेटाबेसवर तपासणी केली, सगळं हिरवंगार पास झालं, आणि खऱ्या जागी लावल्यावर एका शेतकऱ्याच्या पेट्या दुसऱ्याच्या नावावर चढल्या. तेव्हापासून मॅडमनी कानाला खडा लावला. आता खरा डेटाबेस रोज कुठून आणायचा? तर त्यासाठी कंटेनर. तुम्हाला बँकेच्या माणसाला कसं सांगू? समजा, आमटीत मीठ बरोबर आहे का एवढंच बघायचंय. त्यासाठी अंगणात मंडप, शेगडी, पातेली, आचारी असं सगळं क्षणात उभं राहतं, खरी आमटी होते, आपण चव घेतो, आणि लगेच मंडपासकट सगळं नाहीसं होतं. अंगण पुन्हा मोकळं. टेस्ट सुरू झाली की जावा स्वतःच सांगते, डेटाबेस उभा करा, आणि संपली की स्वतःच सांगते, उचला. मला तर हे ऐकूनच भरून आलं. आपल्या घरात गौरी-गणपती झाल्यावर असं काही व्हायला पाहिजे होतं.

तुमचा लॅपटॉप कुरिअरने आला तेव्हा मी भाजी आणायला गेले होते. आले तर आईंनी तो पाटावर ठेवून, हळद-कुंकू वाहून, वर अक्षता टाकून, समोर नारळ फोडून ठेवलेला. नवी वस्तू घरात आली की पूजा झालीच पाहिजे, यात आईंचं काही चुकत नाही. (वस्तू नवी नाही, भावोजींनी वापरून टाकलेली आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.) नारळाचं पाणी त्यांनी लांबच ठेवलं होतं, तेवढा त्यांचा विवेक. मीही नमस्कार केला, पेढा खाल्ला आणि कामाला लागले.

पहिला दिवस जावात गेला. भावोजींनी कधीतरी कोर्स लावला होता वाटतं, कारण लॅपटॉपवर एक जुनी जावा आधीच होती. मी नवी आणून बसवली. संगणकाला जावा कुठे राहते त्याचा पत्ता लिहून द्यावा लागतो. मी नवा पत्ता दिला तरी तो आपला जुन्याच पत्त्यावर जायचा आणि तिथून येऊन मला सांगायचा की ही भाषा मला कळत नाही. मी पत्ता पुन्हा लिहिला. खिडकी बंद करून उघडली. शेवटी कळलं की पत्ता दोन ठिकाणी लिहिलेला असतो आणि मी एकाच ठिकाणी बदलत होते. इतकं साधं! लग्नानंतर माझं रेशनकार्डाचं जे झालं होतं अगदी तेच. जीव भांड्यात पडला आणि मी रविराजना श्रीखंड आणायला सांगितलं.

ते श्रीखंड जरा घाईचंच झालं. दुसऱ्या दिवशी डॉकर बसवायला घेतलं. डॉकर म्हणजे ते कंटेनर उभे करणारा मुकादम. त्याचं चिन्ह आहे पाठीवर खोकी घेऊन जाणारा देवमासा. आईंनी ते पडद्यावर बघितलं आणि मत्स्यावतार समजून हात जोडले. म्हटलं, आशीर्वाद कुठूनही मिळो. पण मुकादम जागचा हलेना. म्हणे, या यंत्रात एक खटका बंद आहे, तो आधी चालू करा. तो खटका नेहमीच्या जागी नसतो. लॅपटॉप सुरू होताना, त्याचे डोळे उघडायच्या आत, वरच्या रांगेतली एक कळ दाबून धरावी लागते, तेव्हा आतलं निळं कपाट उघडतं आणि त्यात तो खटका सापडतो. मी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. रविराज म्हणाले जोरात दाब. मग ते स्वतः आले आणि जोरात दाबलं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की जुन्या लॅपटॉपमध्ये ही सोय नसणार. मी मॅडमना काय सांगणार होते? एका खटक्यासाठी नोकरी जाणार, असं मला खरंच वाटलं, आणि मी ओट्यापाशी उभी राहून थोडं रडून घेतलं.

खाली शिवणकाम करणाऱ्या अकबरभाईंच्या नसीमभाभी ब्लाउज द्यायला आल्या होत्या, त्यांनी ते बघितलं. त्यांना वाटलं रविराज काही बोलले. त्यांनी रविराजकडे अशा नजरेने बघितलं की ते गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालू लागले. मग मी सगळं सांगितलं. भाभींना खटक्याचं काही कळलं नाही (मला तरी कुठे कळत होतं), पण त्यांनी ती कळ बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "ही दबतच नाही ना, मग दाबून काय फायदा?" कनवटीची सुई काढली, मी कळ एका बाजूने उचलून धरली आणि आतून काय निघालं असेल? कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा! पूजेची अक्षता, पल्लवीताई! बरोबर त्याच कळीखाली. बाकी एवढ्या कळा होत्या, पण नाही. नसीमभाभी हसून हसून दिवाणावर बसल्या. मी त्यांना मिठी मारली, सुईसकट. कळ दबली, कपाट उघडलं, खटका चालू झाला, आणि देवमासा खालच्या कोपऱ्यात येऊन शांतपणे बसला. दाणा मी पुडीत बांधून देव्हाऱ्यामागे ठेवला आहे. टाकायचा धीर होईना.

आता खरा प्रसंग ऐका. कंटेनर उभा करायचा तर त्याचं सगळं सामान आधी इंटरनेटवरून उतरवून घ्यावं लागतं. डेटाबेसचं एक, त्याच्यासोबत निरोप पोचवणारं एक, मॅडमनी स्वतः बांधून ठेवलेलं एक भलंमोठं, शिवाय जावाची शंभर किडूकमिडूक. मी सगळं उतरवायला लावलं, वरणाला फोडणी दिली, आणि बाहेर जेसीबीने आपल्या गल्लीची इंटरनेटची तार उपटली. ती तार मी खिडकीतून बघितली. खड्ड्याच्या कडेला लोंबत होती, पावभाजीवाला तिला बाजूला करून उभा होता. तार जोडणाऱ्या पोरांनी सांगितलं की खड्डा बुजल्याशिवाय काही होणार नाही, आणि खड्डा खणणाऱ्यांनी सांगितलं की अजून पुढे खणायचाय. मोबाईलचं फाइव्ह-जी आपल्या घरात खिडकीबाहेर हात काढला तरच येतं. राहिला माझ्या मोबाईलचा रोजचा डेटा. तो एका पातेल्यापुरताही पुरला नाही. वरचा पॅक मारला, तोही गिळला. सोमवार जवळ येत चाललेला आणि पडद्यावर ती रेघ मुंगीच्या पावलाने चाललेली.

इथे तुमच्या भावाचे मी मनापासून आभार मानते, आणि हे वाक्य तुम्ही त्यांना वाचून दाखवलं तरी चालेल. ते गल्लीच्या गणेश मंडळाचे खजिनदार आहेत हे तुम्हाला माहीतच आहे, आणि वर्गणी म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. ते म्हणाले, अगं, या गल्लीत घरटी दोन-तीन मोबाईल, रोज रात्री बारा वाजता प्रत्येकाचा उरलेला डेटा फुकट वाया जातो. तो पडलाय सगळा इथेच, आणि आपण विकत घेतोय? त्यांनी चपला घातल्या, फळीवरून हात पसरून पलीकडे गेले आणि गल्लीभर डेटाची वर्गणी मागून आले. तेही मंडळाच्याच भाषेत. तुम्ही मोठे लोक, दरवर्षी देता, यंदा जरा हात सैल सोडा. कशासाठी विचारलं तर "उज्वलाची परीक्षा आहे" एवढंच सांगायचे. त्यामुळे कोणाला मी तलाठ्याची परीक्षा देतेय असं वाटलं, आणि कोपऱ्यावरच्या ठमाबाई मला म्हणाल्या, बरं केलंस, सातबाराचं तेवढं आमचं बघ.

रोज संध्याकाळी लोक येऊ लागले. मोबाईल द्यायला तयार, पण सोडून जायला कोणी तयार नाही, त्यामुळे मोबाईलसोबत माणूसही येऊन बसायचं. जोडाजोडी रविराज करायचे, चहाची बाजू आईंनी सांभाळली. गंमत अशी की हे सामान थराथराने उतरतं. एक थर पुरा उतरला की तो आपला झाला, मग नेट गेलं तरी पुढच्या थरापासून सुरू करता येतं. हे कळल्यावर बैठकीत चुरस लागली. तळाचा थर अकबरभाईंचा. त्यावरचा ठमाबाईंच्या सुनेचा. सोसायटीचे सेक्रेटरी आले, त्यांचा डेटा अर्ध्या थरावर संपला, तो थर वाया गेला, तर ते इतके कष्टी झाले की घरी जाऊन बायकोचा मोबाईल घेऊन आले. मध्येच कोणीतरी त्याच मोबाईलवर रील बघायला लागलं की बाकीचे त्याच्यावर खेकसायचे, अहो, वहिनींचा डेटाबेस उतरतोय, बंद करा ते! डेटाबेस म्हणजे काय हे त्या खोलीत मला आणि देवमाशाला सोडून कोणालाच माहीत नव्हतं, आणि मलाही नक्की नव्हतं. पण शेवटचा थर उतरला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईंनी साखर वाटली. मी सगळ्यांच्या पाया पडत सुटले, सेक्रेटरींच्या बायकोच्याही, आणि ती माझ्याहून लहान आहे.

मग मी टेस्ट चालवली. ती म्हणाली, मला डॉकर सापडत नाही. समोर बसलाय हो! कोपऱ्यात देवमासा हसतोय! पण ते काही फार नव्हतं, आणखी एक जुना पत्ता बदलायचा राहिला होता, माझी आता पत्ते बदलण्यात हयात गेली होती. बदलला. लॅपटॉप तापला, पंखा घरघरायला लागला, आईंनी तो उचलून टेबलफॅनसमोर पाटावर ठेवला, आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली. एक खरा डेटाबेस आपल्या स्वयंपाकघरात उभा राहिला, त्यात मी एका शेतकऱ्याच्या पेट्या ठेवल्या, त्याच्याच नावावर निघतात का बघितलं, निघाल्या, आणि डेटाबेस उठून चालता झाला. मी पुन्हा चालवली. पुन्हा हिरवी. मग नुसतीच बघण्यासाठी चालवत बसले. पल्लवीताई, लग्नाआधी मी हेच काम करायचे, आणि ते मला येतं, हे मी विसरूनच गेले होते. त्या हिरव्या रेघेने ते मला सांगितलं, आणि त्यासाठी तुमचे उपकार मी कसे फेडू ते कळत नाही.

आता इथे पत्र संपलं असतं तर किती बरं होतं. पण रविवारी संध्याकाळी मी ओटा आवरला, सिंक घासलं, उद्याची पोळ्यांची कणीक भिजवली, साडीला इस्त्री केली, आणि म्हटलं, लॅपटॉप तेवढा का पसाऱ्याचा राहू द्यायचा? उद्या परक्या बाईंच्या हातात जाणार. आत बघितलं तर काय काय पडलेलं! फसलेल्या प्रयत्नांची उष्टी-खरकटी, अर्धवट कंटेनर, दहा ठिकाणी सामान. घर असं टाकून आपण गावाला तरी जातो का? एक आज्ञा मिळाली, सगळं एका दमात आवरणारी. तिने विचारलंही, खात्री आहे ना, सध्या वापरात नसलेलं सगळं जाईल. मी म्हटलं, हो बाई, त्यासाठीच तर. दाबलं. किती जागा मोकळी झाली त्याचा आकडा आला, तो बघून मला दिवाळीची सफाई झाल्यासारखं इतकं छान वाटलं की मी पडल्या पडल्या झोपले.

सोमवारी सातपूरला पोचले. दारात मोबाईल जमा करून घेतला, बाहेरची मदत नको म्हणून. बाहेरच्या लॅपटॉपला ऑफिसचं नेट द्यायचं नाही हाही तिथला नियम. मी म्हटलं मला काय करायचंय नेट, माझं सगळं आत भरलेलं आहे. आफिया मॅडम शेजारी बसल्या, आणखी दोघं मागे उभे राहिले. मी कळ दाबली. टेस्ट म्हणाली, डेटाबेसचं सामान नाही, उतरवून घेते. मग म्हणाली, नेट नाही. मग लाल. मला आधी कळेना. मग कळलं. टेस्ट झाल्यावर कंटेनर आपसूक जातो, पण ज्याच्यातून तो पुन्हा उभा करायचा ते सामान तिथेच राहायला हवं असतं. वापरात नसलेलं म्हणजे तेच. अकबरभाईंचा थर, ठमाबाईंच्या सुनेचा थर, सेक्रेटरींनी बायकोच्या मोबाईलवरून भरून काढलेला थर, सगळे मी कणीक भिजवून झाल्यावर पुसून टाकले होते.

लॅपटॉप खराब आहे म्हणावंसं मला क्षणभर वाटलं. पण तो तुमचा लॅपटॉप, त्याच्यावर आळ कसा घेऊ? मी सरळ सांगितलं, मॅडम, काल रात्री मी सगळं आवरलं. त्या म्हणाल्या, आवरलं म्हणजे? मग मी सगळंच सांगितलं. ओटा, कणीक, गल्ली, थर, तांदळाचा दाणा. मागचे दोघं तोंडावर हात ठेवून हसत होते. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्या अम्मी लग्नाला निघाल्या तरी आधी फ्रिज रिकामा करून पुसतात." आणि स्वतःचा मोबाईल काढून माझ्या लॅपटॉपजवळ ठेवला. नियम ऑफिसच्या नेटचा होता, त्यांच्या मोबाईलचा नव्हता. त्यांचा डेटा संपला तेव्हा मागच्यांपैकी एकाने स्वतःचा ठेवला. मग दुसऱ्याने. कोणी मागितलं नव्हतं, रविराज तर तिथे नव्हतेच. थर चढत गेले, टेस्ट चालली आणि हिरवी रेघ आली.

मॅडमनी माझा कोड वाचला, दोन चुका काढल्या, त्या खऱ्याच होत्या. मग विचारलं, ही मांडणी करताना कुठे कुठे अडलात? मी म्हटलं, सगळीकडे. पत्ते, खटका, तार, सामान, आणि शेवटी माझी मीच. त्या म्हणाल्या की इथे नवीन माणूस आला की त्याचा पहिला आठवडा यातच जातो आणि तो लाजून कोणाला सांगत नाही. पुढच्या सोमवारपासून या, आणि पहिलं काम म्हणून हे सगळं नव्या मुलांसाठी नीट लिहून काढा, फक्त आवरण्याचं प्रकरण ठळक अक्षरात. म्हणजे, पल्लवीताई, नोकरी लागली! लागली हो! मी रिक्षात बसून इतकी रडले की रिक्षावाल्याने द्वारकेच्या सिग्नलला मागे वळून विचारलं, ताई, दवाखान्यात घेऊ का?

तुम्ही लॅपटॉप पाठवला नसता, आणि सोबतच्या चिठ्ठीत "उज्वला, आता बस झालं, उठ" असं लिहिलं नसतं, तर मी उठले नसते. तुम्हाला नणंद म्हणून सांगत नाही, माझ्या आईनेही मला असं उठवलं नव्हतं. भावोजींना नमस्कार, ओवीला आशीर्वाद.

तुमचीच,
उज्वला

ता. क. आईंना वाटतं लॅपटॉप पूजेमुळे चालला. दाण्याचं त्यांना सांगू नका. नसीमभाभींनाही मी शपथ घातली आहे, त्या आईंसमोर आल्या की पदरात तोंड घालतात तेवढंच.

ता. क. भावोजींची जुनी जावा मी काढून टाकली. त्यांनी अर्धवट लिहिलेला हॉटेलच्या बिलांचा प्रोग्रॅम जपून वेगळा ठेवला आहे. तो चालत नाही. कोणत्याच जावात चालणार नाही.

ता. क. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतलं, आणि बघा किती लांबून आले. तुम्ही घरच्या ग्रुपवर लिहिलंत की आईला आता नातीचं तोंड बघायलाही वेळ नाही. ते आईंनी वाचलं, आणि फोन पालथा घालून भाजी निवडत बसल्या. तुम्हाला त्यांनी डोळे आलेत म्हणून व्हिडिओ कॉल नको असं सांगितलं होतं. त्यांचे डोळे ठणठणीत आहेत. काल गल्लीची तार जोडली गेली, आणि ज्यांच्यावरून नेट घेतलं होतं त्या मोबाईलची नावं मी लॅपटॉपमधून पुसायला घेतली, तर त्यात रविराज हे नाव दोनदा. दुसरा मोबाईल म्हणजे त्यांनी आईंना दिलेला जुना. वायफाय नव्हतं, त्या मोबाईलवर जेवढा डेटा येतो तेवढ्यात ओवीचं तोंड दिसतं, आणि तो डेटा रोज संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या लॅपटॉपला जायचा, बाकीची गल्ली यायच्या आधी. मी विचारलं तर म्हणाल्या, "पल्लवी काय पळून जाते का? तुझी परीक्षा एकदाच हाय. आन तिला सांगायचं नाय, उगा जिवाला लावून घेईल." मी सांगितलं आहे. हे पत्र ईमेलने आत्ताच पाठवते आहे, तेव्हा आज संध्याकाळीच ओवीला समोर बसवून व्हिडिओ कॉल करा. मी लिहिलं असं म्हणू नका, राग तर अजिबात दाखवू नका, डोळे बरे झाले का एवढंच विचारा. त्या चहा झाल्यापासून फोन हातात घेऊन बसल्या आहेत.